वळण लावणारं घर

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहराशी काडीचाही संबंध न ठेवता, ईस्ट ऑरोरा नावाचं एक गाव आहे. बफेलोपासून पंचवीस-तीस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आसपास. या गावात १९१० साली बांधलेलं एक बसकं, दीडमजली घर आहे. रॉयक्रॉफ्ट नावाच्या कारागीर-वसाहतीत चामड्याच्या कामाचा विभाग सांभाळणाऱ्या जॉर्ज शायडेमँटल यांचं हे घर वसाहतीतल्याच कारागिरांनी बांधलं. आता ते गावच्या इतिहास मंडळाकडे आहे आणि त्यात संग्रहालय आहे. ज्या शैलीत ते बांधलंय तिला क्राफ्ट्समन शैली म्हणतात. कमी उताराचं, भिंतीच्या बरंच पुढे आलेलं छप्पर, त्याखाली मुद्दाम उघडे ठेवलेले वासे, पायथ्याशी रुंद आणि वर निमुळते होत गेलेले ओसरीचे खांब आणि आत जिकडेतिकडे गडद लाकूड, अशी तिची ठेवण. अमेरिकेतल्या लहान गावांत अशी घरं हजारोंनी आहेत. जाणकार त्यांचं वर्णन 'साधी, प्रामाणिक, ऊबदार' अशा तीन विशेषणांत उरकतात. विशेषणं खोटी नाहीत, पण ती सगळी घराच्या बाजूने दिलेली आहेत. आत राहणाऱ्याची साक्ष कुणी काढलेली दिसत नाही. ती काढली तर दिसेल की हे घर म्हणजे माहेरपणाला आलेली करारी आत्या आहे. प्रेमळ आहे, शब्दाला पक्की आहे, पण तिच्यासमोर पाय पसरून बसायची सोय नाही. माणसाने कसं राहावं हे आधी ठरवून मग त्याभोवती भिंती उभ्या केल्या की जे तयार होतं, ते हे घर.

वळण लावायचं तर आधी उपदेशक लागतो. ईस्ट ऑरोराला तो साबणाच्या धंद्यातून मिळाला. एल्बर्ट हबर्ड हा बफेलोच्या लार्किन साबण कंपनीतला विक्रीचा जादूगार. साबणाबरोबर भेटवस्तू द्यायची आणि लोक भेटवस्तूपायी साबण घेतील इतकी ती मोठी करत न्यायची, ही त्या कंपनीची युक्ती. पुढे तर साबणाच्या मोठ्या खोक्याबरोबर ओक लाकडाचं लिहायचं टेबल घरी येऊ लागलं. हबर्डने १८९३ मध्ये कंपनी सोडली आणि १८९५ साली ईस्ट ऑरोरात रॉयक्रॉफ्ट नावाने छापखाना काढला. आदर्श इंग्लंडच्या विल्यम मॉरिसचा. यंत्राने वस्तूंचं आणि माणसाचं दोघांचंही वाटोळं केलं, तेव्हा हाताने घडवा आणि साधं घडवा, अशी ती शिकवण. छापखान्यामागून पुस्तकबांधणी आली, चामडं आलं, तांबं आलं, फर्निचर आलं, आणि भरभराटीच्या काळात तिथे शेकडो माणसं राबत होती. हबर्ड केस वाढवून, गळ्यात ऐसपैस टाय बांधून देशभर व्याख्यानं देत हिंडला आणि साबण खपवला होता त्याच सफाईने त्याने साधेपणा खपवला. १८९९ साली लिहिलेला त्याचा 'अ मेसेज टु गार्सिया' हा छोटासा निबंध लाखोंनी छापला गेला. त्याचं सार एवढंच, की काम सांगितल्यावर उलट प्रश्न न विचारता ते करून टाकणारा माणूस दुर्मीळ असतो. हा निबंध विकत घेऊन वाटला कुणी, तर कारखानदारांनी आणि रेल्वे कंपन्यांनी, आणि वाटला आपल्याच नोकरांना. वसाहतीत दारांवर आणि भिंतींवर सुविचार असत. आपल्याकडच्या शाळेत सुविचाराची मुदत एका दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी फळा पुसतात. हबर्डने तो ओकमध्ये कोरून घेतला. फर्निचरचंही तेच. इतर कारखानदार आपली चिठ्ठी खणाच्या आत किंवा खुर्चीच्या बुडाखाली लावत. रॉयक्रॉफ्टची वर्तुळ-क्रूसाची खूण मात्र वस्तूच्या दर्शनी भागावर ठसठशीत कोरलेली असे. साधेपणा खराच होता, फक्त तो कुठल्या कंपनीचा हे दारातून वाचता यायला हवं होतं.

हबर्डचा मठ एका गावापुरता. तो पंथ घरोघरी नेला गुस्ताव स्टिकली या फर्निचर बनवणाऱ्याने. त्याने १९०१ साली न्यूयॉर्क राज्यातूनच 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक काढलं, पहिला अंक मॉरिसला वाहिला, आणि पुढे त्यात घरांचे नकाशे छापायला सुरुवात केली. शैलीला नाव मिळालं ते या मासिकावरून. खुर्च्या विकणारा माणूस घरांचे नकाशे देऊ लागला की त्या घरांत कुठल्या खुर्च्या शोभणार हे वेगळं सांगायला नको. पण स्टिकलीची खरी कमाल खुर्च्यांत नसून ज्या वस्तू हलवताच येत नाहीत त्यांत आहे. क्राफ्ट्समन घरात बाक भिंतीतच बसवलेला असतो, पुस्तकांचं कपाट भिंतीतच, जेवणघरातलं भांड्यांचं कपाटही भिंतीत आणि खिडकीखालची बैठकही तिथेच. घरातली मांडामांड बदलणं हा संसारातला सर्वांत स्वस्त विरंगुळा; कंटाळा आला की सोफा या भिंतीचा त्या भिंतीला न्यायचा आणि आठवडाभर घर नवं झाल्यासारखं वावरायचं. या घरात ती सोय नाही. बसायचं कुठे हे १९१० सालीच ठरलं आहे. फायरप्लेसच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन बाक असतात, त्या कोपऱ्याला इंगलनूक म्हणतात. रोज संध्याकाळी कुटुंबाने विस्तवाभोवती जमावं आणि चार शब्द बोलावेत, हा त्यामागचा हेतू. ज्यांचं आपसांत पटतं त्यांना बोलायला असा कोपरा लागत नाही, आणि ज्यांचं पटत नाही त्यांना गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, जळत्या लाकडांशेजारी बसवणं हे फार दूरदृष्टीचं म्हणता येणार नाही. विस्तवाच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं, म्हणजे वाचन आलंच. जेवणघराच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक अरुंद फळी सगळीकडून फिरवलेली, ज्यात जेवायचं नाही अशा ताटल्या मांडायला. थोड्या पुढच्या काळातल्या घरांत न्याहारीचा कोनाडाही येतो. दोन बाक आणि मध्ये पक्कं टेबल असल्यामुळे आत सरकून बसलेल्याला उठायचं झालं तर बाहेरच्याने आधी उठावं लागतं. याच बफेलोत, हबर्डनंतर लार्किन कंपनीत त्याची जागा घेणाऱ्या डार्विन मार्टिनसाठी घर बांधणारा फ्रँक लॉइड राइट हा या शैलीचा सख्खा नव्हे पण चुलत नातेवाईक. त्याने यजमानांच्या खुर्च्या तर ठरवल्याच, काही यजमानिणींचे पोशाखही बेतून दिले. आपल्याच खुर्च्यांनी आपल्याला काळंनिळं केलं, असं तो पुढे स्वतः सांगत असे.

बसण्या-उठण्याची शिस्त झाली की नीतीची शिस्त येते. लाकडाने लाकडासारखं दिसावं, सांधा झाकू नये, तुळईने भार पेलावा आणि पेलताना दिसावं, हा या शैलीचा प्रामाणिकपणा. स्टिकलीने न्यू जर्सीत १९११ च्या सुमारास स्वतःसाठी घर बांधलं तेव्हा चेस्टनटचे आख्खे ओंडके वापरले. त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायला जागा नाही. पण आख्खे ओंडके सगळ्यांना परवडत नाहीत आणि नीती मात्र सगळ्यांना हवी असते. म्हणून गावोगावच्या घरांत दिवाणखान्याच्या छताला ज्या जाडजूड तुळया दिसतात, त्यांतल्या कितीतरी आतून पोकळ असतात. तीन फळ्यांची खोकी करून ती छताला ठोकलेली असतात आणि भार पेलण्याचं काम त्यांच्यावरची न दिसणारी लाकडं निमूटपणे करतात. छपराच्या त्रिकोणाखाली जे तिरके आधार दिसतात तेही पुष्कळदा नुसतेच टेकलेले असतात. ओक लाकडाला जो पिकलेला तपकिरी रंग असतो तो वयाने आलेला नसून अमोनियाची धुरी देऊन आणलेला असतो. बंद खोलीत थोडाच काळ कोंडलं की कोवळं लाकूड पोक्त होऊन बाहेर येतं. यावरून या घरांना ढोंगी म्हणायचा मोह होतो, पण ते अन्यायाचं होईल. ज्याला प्रामाणिकपणा परवडतो तो प्रामाणिक असतो आणि ज्याला परवडत नाही तो निदान प्रामाणिक दिसायची तरी तसदी घेतो, ही घराला लागलेली शिस्तच झाली. शिवाय पोकळ तुळईचा एक उपयोग पुढे निघाला: विजेच्या तारा त्यातून नेता येतात.

आता कुणी म्हणेल, घर कुठलंही असो, ते माणसाला वाकवतंच. याआधीची व्हिक्टोरियन घरं काय कमी जाचक होती? मुद्दा बरोबर आहे, पण जाच कुणाला हे पाहायला हवं. व्हिक्टोरियन घरात पार्लर नावाची एक खोली असे. मखमल, झालरी, चिनी मातीच्या बाहुल्या, पडद्यावर पडदे असा सगळा जामानिमा तिथे, आणि त्या खोलीचं दार एरवी बंद. तिथे छळ व्हायचा तो पाहुण्यांचा. पाहुणा अंग चोरून खुर्चीच्या कडेला बसायचा, चहाचा कप सांभाळायचा आणि सुटका होण्याची वाट पाहायचा. घरची माणसं मात्र मागच्या खोल्यांत आपापल्या अव्यवस्थेत सुखी असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारकांनी या पार्लरवर मोहीम उघडली. 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बॉक यांनी तर ते नावच पुसून त्या जागी 'लिव्हिंग रूम' म्हणावं असा प्रचार चालवला. क्राफ्ट्समन घराने भिंत पाडली, पार्लर हद्दपार केलं आणि सगळ्यांसाठी एकच मोठी खोली ठेवली. ऐकायला फार छान वाटतं. पण पार्लर गेलं म्हणजे पाहुण्यांसमोर नीटनेटकं वागायची जी सक्ती महिन्यातून दोनदा असायची, ती आता घरच्यांना रोज आली. पुढचं दार उघडलं की थेट दिवाणखाना आणि त्यापलीकडे उघडं जेवणघर. खुर्चीवर टाकलेला कोट लपवायला मागची खोलीच उरली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो बायकांच्या बाजूचा आहे. त्या काळात अमेरिकेतल्या मध्यमवर्गाला घरगडी आणि मोलकरणी मिळेनाशा झाल्या होत्या. मुली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाऊ लागल्या होत्या. घरातलं सगळं काम एकट्या गृहिणीवर आलं. अशा वेळी नक्षीकामाच्या हजार खाचांतली धूळ पुसण्यापेक्षा सपाट फळी बरी, पाय असलेल्या कपाटाखाली झाडू घालण्यापेक्षा भिंतीत बसवलेलं कपाट बरं, आणि इस्त्रीची फळी भिंतीतल्या उभ्या कपाटात मिटून ठेवता आली तर उत्तमच. यात मला काडीचाही विनोद दिसत नाही. स्टिकलीचं मासिक हेच सांगत होतं आणि रास्त सांगत होतं. एक गोष्ट तेवढी नोंदवतो. दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यातली भिंत पाडताना सुधारकांचा हात जो सळसळून चालला, तो स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी येऊन थबकला. ते लहान, पांढरंशुभ्र, धुवायला सोपं आणि दाराआड बंदच राहिलं. कुटुंबाने विस्तवाभोवती एकत्र बसावं हा आदर्श होता, आणि त्यातली एक व्यक्ती दुसऱ्या विस्तवापाशी उभी असायची हे नकाशात गृहीत धरलेलं होतं.

१९१५ हे साल उपदेशकांना वाईट गेलं. मे महिन्यात हबर्ड आणि त्याची पत्नी ॲलिस 'लुसिटानिया' बोटीबरोबर बुडाले, आणि त्याच वर्षी मॅनहॅटनमध्ये बारा मजली इमारत घेऊन बसलेल्या स्टिकलीचं दिवाळं निघालं. १९१६ च्या अखेरीस मासिकही बंद पडलं. आता कुणीही म्हणेल की पुजारी गेले, देव उरला. पुढे ज्यांनी ही घरं बांधली त्यांना मॉरिस ठाऊक नव्हता, त्यांनी फक्त स्वस्त आणि मस्त घर घेतलं. हे खरं आहे. लहान गावांतली बरीचशी क्राफ्ट्समन घरं चक्क टपालाने मागवलेली आहेत. मिशिगनमधल्या बे सिटीच्या अलॅडिन कंपनीने १९०६ पासून सुटी घरं विकायला सुरुवात केली. लाकडात एक गाठ दाखवा आणि एक डॉलर घ्या, अशी तिची पैज होती. सीअर्स रोबक कंपनीने १९०८ पासून १९४० पर्यंत सत्तर हजारांहून जास्त घरं कॅटलॉगमधून विकली. पान उघडायचं, नमुना निवडायचा, पैसे पाठवायचे, की रेल्वेच्या डब्यातून वासे, दारं, खिडक्या, खिळे, रंग असं सगळं घर सुटं होऊन गावच्या स्टेशनात उतरे. ते तिथून वाहून नेणं आणि जोडणं तुमच्याकडे. यंत्राविरुद्ध पुकारलेल्या बंडाचा शेवट यंत्राने कापलेल्या, क्रमांक घातलेल्या फळ्यांत झाला, यावर मॉरिसने काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. पण वळण सुटलं का? उलट घट्ट झालं. सीअर्सच्या जोडणीच्या पुस्तिकेत सक्त ताकीद असे, की हे घर कसं उभारावं याबाबतीत दुसऱ्या कुणाचाही सल्ला ऐकू नये. सासरा, शेजारी, गावचा मिस्त्री, सगळे एका वाक्यात गप्प. गार्सियाला निरोप पोचवणारा तो आज्ञाधारक माणूस आता हातोडा घेऊन स्वतःच्याच अंगणात उभा होता. आणि जिथे राहणारा विकत घेणारा नव्हता तिथे तर विचारायलाच नको. इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल या गावात १९१८ साली स्टँडर्ड ऑइल कंपनीने कोळसा खाणीतल्या माणसांसाठी सीअर्सची दीडशेहून जास्त घरं एकदम मागवली. नमुने आठच, ते आलटून पालटून लावले, म्हणजे गल्लीत पाहणाऱ्याला विविधता वाटावी. काही वर्षांतच खाणी बंद पडल्या, माणसं पांगली आणि घरं तेवढी ओळीत उभी राहिली. त्यांतली बहुतेक आजही आहेत. सीअर्स पुढे घराबरोबर कर्जही देऊ लागली आणि महामंदीत तिच्यावर आपल्याच गिऱ्हाइकांची घरं जप्त करायची पाळी आली. कॅटलॉगमधून वस्तू परत घेण्याची ही पद्धत मात्र कुठल्या पानावर छापलेली नव्हती.

एवढं वळण लावल्यावर राहणारी माणसं कधीतरी उलटणारच. त्यांना निमित्तही घरानेच दिलं. बसका बंगला, भोवती ओसरी आणि वर पुढे आलेलं छप्पर हा मूळचा आपल्याकडचा, बंगालमधला प्रकार. इंग्रजांनी तो उचलला, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उन्हात तो फार शोभला. तिथून तो जसाच्या तसा ईरी सरोवराच्या काठी आला, जिथे हिवाळ्यात सरोवरावरून येणारे ढग एका रात्रीत माणूसभर बर्फ टाकून जाऊ शकतात. कमी उताराच्या छपरावरून बर्फ घसरत नाही. घरातल्या उबेने तो वरच्या बाजूला वितळतो, पाणी भिंतीबाहेर आलेल्या थंड कडेपर्यंत येतं, तिथे पुन्हा गोठतं, आणि त्या बर्फाच्या बांधाआड साचलेलं पाणी फळ्यांखालून घरात येतं. उन्हापासून वाचवायला केलेली पागोळी अशी उलटते. शिवाय बाहेर करडा प्रकाश, त्याला अडवणारं रुंद छप्पर, आत काळपट ओक. डिसेंबरात भर दुपारी वाचायला दिवा लावावा लागावा अशी स्थिती. तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीने पहिली संधी मिळताच पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. तुळया पांढऱ्या, कपाटं पांढरी, इंगलनूकचे बाक उपटून तिथे रेडिओ आणि मग टीव्ही. ओसरीला काचा लावून एक जादा खोली. बाहेरच्या लाकडावर ॲल्युमिनियमचे पत्रे. ही मोडतोड अडाणीपणाची होती असं वास्तुप्रेमी म्हणतात. मला ती मतदानासारखी वाटते. पॅसाडिनाचं प्रसिद्ध गॅम्बल हाउस ग्रीन बंधूंनी १९०८-०९ मध्ये बांधलं (गॅम्बल म्हणजे प्रॉक्टर अँड गॅम्बलवाले, या शैलीच्या मागे साबण हात धुऊन लागला आहे). वारसांनी ते विकायला काढलं असताना पाहायला आलेल्यांपैकी कुणीतरी आतलं सगळं सागवान पांढरं रंगवायचा बेत बोलून दाखवला, आणि तो कानावर पडताच विक्री तिथेच थांबली, असं सांगतात. १९६६ मध्ये घर शहराला देऊन टाकण्यात आलं. गॅम्बल मंडळींनी सागवान वाचवलं याचा आनंदच आहे. पण रंगाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या त्या अनाम गिऱ्हाइकाला निदान उजेड हवा होता, हे त्याच्या बाजूने कुणीतरी म्हणायला हवं.

आणि इथे तिसरा आक्षेप येतो, जो सगळ्यांत अवघड आहे. घर इतकं जाचक असेल तर आज लोक ते वाढीव पैसे देऊन का घेतात? पन्नास वर्षांपूर्वीचा पांढरा रंग एकेक थर खरवडून काढायला माणसं सुट्ट्या का घालवतात? कारण वळण दुसऱ्याने लावलं की जाच वाटतो आणि आपण स्वतः पैसे मोजून लावून घेतलं की ती अभिरुची होते. १९८८ मध्ये स्टिकलीच्या स्वतःच्या घरातलं भांड्यांचं कपाट लिलावात निघालं आणि बार्बरा स्ट्रायसँडने ते ३,६३,००० डॉलरला घेतलं. डामडौलाविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाच्या साधेपणाची ही किंमत. मॉरिसचीही हीच व्यथा होती: गरिबांसाठी म्हणून केलेलं हाताचं काम शेवटी फक्त श्रीमंतांना परवडायचं. पुढच्याच वर्षी स्टिकलीच्या भावांची कंपनी जुन्या नमुन्यांचं फर्निचर नव्याने बनवू लागली. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, गॅम्बल हाउस शहराला मिळालं त्याच वर्षी, ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा केंद्रीय कायदा झाला आणि राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. त्या नोंदवहीत नाव लागल्याने खाजगी मालकाचे हात फारसे बांधले जात नाहीत. हात बांधायचं काम गावोगावच्या वारसा समित्या करतात. समिती असलेल्या गावात खिडकी बदलायची तर अर्ज, ओसरीचा कठडा बदलायचा तर अर्ज, आणि काही ठिकाणी रंगालाही मंजुरी. केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तर एक नामी अट आहे: जुन्या घराला जोडलेलं नवं बांधकाम जुन्याशी जुळणारं असावं, पण जुनं वाटता कामा नये. सारखं दिसावं आणि वेगळं ओळखू यावं. हबर्ड असता तर हे त्याने दारावर कोरून घेतलं असतं. समित्यांची टिंगल करणं सोपं आहे. त्या नसत्या तर यांतली बरीच घरं आज गाड्या लावायच्या जागा झाली असती, हेही मान्य. पण मूळ घरमालकाला निदान रंगाचा डबा उघडायची मोकळीक होती. आजच्या मालकाला आत्याही आहे आणि तिचं मृत्युपत्र राबवणारं मंडळही.

पण टीव्हीशी कुणाची समिती आजवर जिंकलेली नाही. फायरप्लेसवरची भिंत ही दिवाणखान्यातली एकमेव मोकळी जागा, आणि तो पडदा तिथेच लागतो. मग त्याच्यावर ओकची दारं येतात, त्या दारांना हातोडीचे ठोके उठवलेल्या तांब्याच्या मुठी येतात, आणि सामने नसतात तेव्हा ती दारं मिटून ठेवली जातात. म्हणजे ज्या शैलीने काही झाकू नये म्हटलं तिच्यात आज सगळ्यांत देखणं काम झाकण्याचं चालतं. हे नवं आहे असं मात्र नाही. १९२० नंतरच्या पुष्कळ घरांत न्हाणीघरातलं औषधांचं कपाट भिंतीत बसवलेलं असे आणि त्याच्या पाठीला एक बारीक फट असे. काही कपाटांत त्या फटीवर ती कशासाठी आहे तेही लिहिलेलं असे: दाढीची वापरलेली पाती टाकण्यासाठी. पातं आत टाकायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं. पुढे त्याचं काय होणार याचा विचार कपाट बनवणाऱ्याने केलेला नव्हता, घर आखणाऱ्याने केलेला नव्हता आणि रोज सकाळी आरशासमोर उभा राहणारा तर मुळीच करत नव्हता. बाकीच्या घरात त्याला सांगितलेलं सगळं त्याने केलं होतं: ठरल्या बाकावर बसला होता, पुस्तकं ठरल्या कपाटात लावली होती, ताटल्या फळीवर उभ्या केल्या होत्या. म्हणून अशा घराच्या न्हाणीघराची भिंत फोडायला घेताना शहाणा सुतार आधी जाड हातमोजे चढवतो.